प्रेमदासजींचे कागद

देवळी, ता. ४ फेब्रुवारी १९५६

चि. मीरा हिस आईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. मी बरी आहे, खोकला कमी आहे. तू वडनेरच्या शाळेत एकटी. वेळेवर जेवत जाजो. दिवाळीत आलती तं पार चिपाड दिसली.

काल हिरालाल सेठ घरी आलता. त्याच्या हाटेलात आपल्या मोहल्ल्याची फुटकी कपबशी बाहेर भिंतीवर राहे. तुये बाबा आत बाकावर जाऊन बसले अन् नोकराईनं त्याईचा उजवा हात मोडला, तवा हा बसून पाहत होता. आता नगर कमेटीचा अध्यक्ष झाला. म्हणे, तुमचे मालक प्रेमदासजी गावाचे भूषण, आमची जुनी दोस्ती. त्यांचे सारे कागद द्या, वाचनालयात माझ्या नावाच्या कपाटात ठेवतो. पुढच्या रविवारी चौकात सभा आहे.

मी हो म्हटलं.

माया राहू देजो.
तुयी आई, शकुंतला


वडनेर, ता. ८ फेब्रुवारी

ती. गं. भा. आईस मीराचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. पत्र पोचले. विश्वास बसत नाही. बाबांना जाऊन अजून वर्ष झालेले नाही. एकच साक्षीदार होता, चंद्रभान. हिरालालने त्याला फोडले आणि कोर्टात बाबा खोटे ठरले. नंतर ते डाव्या हाताने अर्ज लिहायचे तेव्हा कागद तूच धरून ठेवायचीस ना?

आज आमच्या शाळेचे अध्यक्ष वर्गावर आले. ते हिरालालचे मेहुणे. म्हणाले, तुझी आई समजूतदार निघाली, आता तुझी नोकरी कायम करून टाकू. मुलींसमोर मला मान डोलवावी लागली. त्यासाठी हो म्हटले असशील तर मला ती नोकरी नको. कागद चुलीत घाल. मी रविवारी येणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
मीरा


देवळी, ता. १३ फेब्रुवारी

चि. मीरा हिस अनेक आशीर्वाद.

तुया राग थेट बाबाचाच.

सभेत मी म्हटलं, कागद देण्याआधी एक वाचतो. सेठ खुश झाला, माईक त्यानंच पुढे केला. मी बाबानं कलेक्टरले दिलेला अर्ज वाचला. अक्षर वाकडं, म्हणून हळूहळू वाचला. कोणी धरलं, कोणी दांडा मारला, अन् सेठ गल्ल्यावरून म्हणे का हात असा मोडा, पुन्हा कप उचलला नाई पाह्यजे.

सेठ माईक ओढाले लागला. तवा मांगून चंद्रभान उभा राह्यला. म्हणे, मी तिथीच होतो, कोर्टात खोटं बोललो, बाई खरं वाचून राह्यली. सेठ हार हातात धरून तसाच खाली उतरला. त्याच्या बायकोनं त्याच्याकडे पाह्यलं नाई. मले लय बरं वाटलं. लपवत नाई.

तुयी नोकरी जाईन, हे हो म्हणतानाच माहीत होतं. तुले विचारलं असतं तं तू हो म्हटलं असतं, अन् मंग सेठवरचा घाव तुया झाला असता. तो मले मायाच हातानं घालायचा होता.

सकाळी वाटलं, मन भरलं. नाई भरलं. बाकी कागद घरीच आहेत, कोणाले दिले नाई. शुक्रवारी बाजार आहे. त्याच्या हाटेलासमोर बसून दुसरा वाचतो. सामान बांधून येजो. माया आवाज खोकल्यानं बसते. तुया आवाज गल्ल्यापर्यंत जाते.

वाट पाहून राह्यली,
आई