सपाट जागेवरची गाडी

अप्पा, आमचा जुना ट्रक आता अंगणात सपाट जागेवर उभा असतो आणि सकाळी पहिल्याच सेल्फला चालू होतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. इथे हिमायतनगरात ज्याला त्याला सांगून झाली आहे. शेजारणी आता मला बघितलं की घाईत असल्यासारखं करतात.

झालं असं, की गेल्या वर्षीपासून थंडी पडली की गाडी सकाळी चालूच होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची. मग ह्यांनी सगळ्या ड्रायव्हर लोकांचा ठरलेला उपाय केला. रात्री गाडी वेशीजवळच्या उतारावर तोंड खाली करून लावायची, सकाळी ब्रेक सोडायचा आणि गडगडत निघाली की गिअर टाकायचा. गावात तेवढ्यावर भागलं, पण नांदेडच्या मोंढ्यात, बाजाराच्या त्या सपाट आवारात, कुठला आलाय उतार? तिथे हमालांच्या हातापाया पडून गाडी ढकलावी लागे. व्यापारी हळद भरायला दुसऱ्या गाड्या बघू लागले. मिस्त्री म्हणाला, इंजिन बसलं, खोलून बोअर करावं लागेल, मोठा खर्च आहे. मुलगा म्हणाला, त्यापेक्षा भंगारात देऊन टाकू, आणि त्यानं भंगारवाल्याला यायलाही सांगितलं. हे तर लग्नाच्या आधीपासून ही गाडी चालवतात. त्या दिवशी ताटात भाकरी नुसती कुस्करत बसले होते, आणि मला ते बघवेना.

तेव्हा मला माहेरचं, आपलं निलंग्याचं स्वयंपाकघर आठवलं. मागच्या भिंतीला लागून तुमचं गॅरेज. मी चुलीपुढे भाकऱ्या थापते आहे आणि भिंतीपलीकडे कुणाची तरी गाडी नुसती कण्हते आहे. ड्रायव्हर रडकुंडीला येऊन म्हणतो, "इंजिनच गेलं वाटतं." तुम्ही ओरडता, "पाना ठेव खाली! मागं जाऊन धूर बघ आधी. हाय का धूर?" तो म्हणतो, "न्हाई." "मग इंजिनाला कामून शिव्या द्यायलास? त्याच्या पोटात डिझेलच गेलं न्हाई. उपाशी माणसाला पळ म्हणलं तर पळल का?" मी हसत बसते आणि तव्यावरची भाकरी करपते.

मी ह्यांना म्हटलं, आज रात्री गाडी उतारावर नको, अंगणात लावा आणि सकाळपर्यंत तिला कुणी हात लावू नका. "आन् सकाळी ढकलायला तू येनार हायस का?" म्हणाले. मी म्हटलं, "हाव, येते." सकाळी ह्यांनी सेल्फ मारला आणि मी नाकाला पदर लावून गाडीच्या मागे उभी राहिले. इंजिन फिरत होतं, पण सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा निघाली नाही. मला एवढा आनंद झाला की ह्यांना वाटलं, बायकोचं डोकं फिरलं. मिस्त्रीला बोलावून मी एवढंच सांगितलं, डिझेल पोचत नाहीये, पाइपात एअर धरली का बघा. माणूस भला. त्यानं फिल्टरवरचा स्क्रू सैल करून तिथलाच डिझेलचा छोटा हातपंप मारला, तर डिझेलऐवजी फेस आला. बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारला, स्क्रू आवळला आणि गाडी लगेच चालू झाली. मग टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपला बारीक चीर सापडली. डिझेल बाहेर ठिबकत नव्हतं, म्हणून कुणाला संशय आला नाही. थंडीनं रबर आकसलं की रात्री तिथून हवा शिरायची आणि डिझेल टाकीत माघारी जायचं. उतारावर टाकी वर आणि इंजिन खाली, म्हणून डिझेल जागेवर थांबायचं. आम्ही मात्र समजत होतो, गाडी गडगडते म्हणून चालू होते! नवा पाइप टाकला आणि काम झालं. भंगारवाला आला, त्याला ह्यांनी चहा पाजून परत पाठवला.

आता लोक विचारतात, हे तुला कुणी शिकवलं? मी म्हणते, आमच्या अप्पांनी. हे तर मोंढ्यात सांगत फिरतात, "सासऱ्यानं पोरीला हाताला धरून शिकिवलंय." अप्पा, तुम्ही मला कधीच काही शिकवलं नाहीत. एकदा मी गॅरेजच्या दारात येऊन बघत उभी राहिले, तर माणसांदेखत म्हणालात, "पोरीच्या जातीचं इथं काय काम? आत जा." मला त्याचा लई राग होता, आता तो कुठे गेला कळत नाही. हा कागद कुणाच्या हाती पडणार नाही म्हणून खरं लिहिलं. बाहेर मात्र मी कुणालाच दुरुस्त करत नाही. तुम्ही मला शिकवलंत, हे लोकांच्या तोंडून ऐकायला मला फार आवडतं.