तिसऱ्या अंकाची नक्कल

१४ डिसें. ५२, रवि. ठाणे.
टाळ्या थांबेनात म्हणून पडदा पुन्हा वर घेतला, तेव्हा मी उठून चपला शोधत होते. शेजारची बाई म्हणाली, बसा हो, बाप येतोय परत. बाप म्हणजे बापट, पोस्टातला. वसंतानं त्याला आमच्या वडलांसारखं, आप्पांसारखं चालायला शिकवलंय, डावा पाय किंचित ओढत. बाईनं पदरानं डोळे टिपले. म्हणाली, "दारू वाईट हो. माणूस वाईट नव्हता."
माझ्या सख्ख्या भावानं, वसंतानं लिहिलेलं नाटक. दारुडा बाप सहा वर्षांच्या मुलाला मनगटांना धरून विहिरीत लोंबता धरतो. बायकोनं लपवलेली बाटली काढून द्यावी म्हणून. ती देते. बाप भानावर येतो, मुलाला वर ओढून छातीशी धरतो, रडतो. मांडव रडतो. तिसऱ्या अंकात मुलगा मोठा होऊन त्याला क्षमा करतो. मोठ्या मुलाचं काम वसंता स्वतः करतो.
विहीर किंतानाची होती. रंग चांगला दिला होता.
मुलगा नव्हता. मी होते. आणि ओढून घेतलं नाही.

१५ डिसें., सोम. डोंबिवली.
आप्पांनी सकाळी विचारलं, नाटक कसं झालं. म्हटलं, चांगलं. लोक रडले.
"कुणासाठी?"
"तुमच्यासाठी."
मान हलवली. मिशीवरून बोट फिरवलं. डोंबिवलीला प्रयोग केव्हा, ते विचारून घेतलं.
आप्पांचा महिन्याचा दारूचा परवाना घेऊन परवा ठाण्याला जायचं. दारूबंदी झाल्यापासून डॉक्टरच्या दाखल्यावर मोजून मिळते. दाखल्यावर लिहिलंय की हा इसम व्यसनी आहे. घरात हा शब्द कधी कुणी उच्चारला नाही. सरकारनं लिहून दिला, शिक्का मारून. तो कागद मी दोनदा-तीनदा उगाच वाचते.

१७ डिसें., बुध.
वसंता आला. खुशीत. सहज विचारल्यासारखं विचारलं, विहिरीवर मुलगा का.
"मग मुलीचं काम कोण करणार, ताई? जोश्यांचा पोरगा फ्रॉक घालायला तयार नाही."
हसला. मीही हसले असेन. मग म्हणाला, तुझं नाव झाकलं गेलं हे बरंच ना.
बाकीचं आईनं सांगितलं तसंच लिहिलंय म्हणे. शेवटच्या आजारात तिनं त्याला जवळ बसवून सांगितलं होतं: तुझे वडील वाईट नव्हते रे, त्यांनी पोरीला ओढून घेतलं. शेजाऱ्यांना सांगायची, पोर घसरली. त्याला सांगितलं, ओढून घेतलं. मला काही सांगितलं नाही. मी तिथे होते.
वसंता तेव्हा पाळण्यात. त्याला दोष कसा द्यायचा. देते.

२१ डिसें., रवि.
लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा कुणाच्या नाटकात शिरणार नाही.
माजिवडा. इनासच्या वाडीतली भाड्याची जागा, विहीर सामाईक. मी आठ वर्षांची. दुपारची वेळ. आई ओट्याच्या पायरीवर, हातात परकराचा बोळा, मला बदलायला आणलेला. आप्पा ओरडत नव्हते. हे कुणाला खरं वाटत नाही. कचेरीत बोलतात तसं बोलत होते. बाटली कुठे ते सांग, नाहीतर सोडतो. आई म्हणाली, नाही सांगत.
नाटकात ती सांगते.
उजवं मनगट त्यांनी सोडलं. मी डाव्यावर फिरले, दगडावर खांदा आपटला. मग पाणी. डावा हात त्यांनी सोडला की झटक्यानं निसटला, मला माहीत नाही. चोवीस वर्षं ह्याच जागी येऊन थांबते.
इनास स्वतः दोर बांधून खाली आला. "दोर धर गो बाय, माज्याकडं बग." इनासची बायको मला चुलीपाशी घेऊन बसली. आप्पा बाहेर अंगणात बाटली शोधत होते. ती लाकडांच्या ढिगात होती. मला ठाऊक होतं.
आज ते वाटीत दूध-पोळी कुस्करून खातात. शेजारी म्हणतात, देवमाणूस.

२९ डिसें., सोम.
डोंबिवलीचा प्रयोग ठरला. ११ जाने., रविवार, संध्याकाळी साडेसहा, शाळेच्या मैदानावर. नाट्यमंडळाच्या अध्यक्षांनी स्वतः येऊन आप्पांना आमंत्रण दिलं. त्यांच्यावरून लिहिलंय हे आता गावाला माहीत आहे. आप्पांना लाज वाटेल असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, बसायला खुर्ची असेल ना.
पहिल्या रांगेत, मी म्हटलं. मधोमध.

५ जाने. ५३, सोम.
अध्यक्षांचं म्हणणं, शेवटचा प्रवेश लांबतो. बापट क्षमा मागता मागता दमतो. वसंतानं तो नव्यानं लिहिला, निम्मा केला. तो उद्यापासून कचेरीच्या कामाला मुरबाडला जातो, येणार थेट रविवारी दुपारी. कागद माझ्याकडे दिले. दोन नकला काढायच्या: एक बापटांना, एक प्रॉम्प्टर देवधर मास्तरांना. स्वतःचं त्याला पाठ आहे.
"ताई, तुझं अक्षर. मास्तरांना चष्मा लावूनही माझं वाचता येत नाही."
मंडळाची पद्धत: नटाला फक्त त्याची वाक्यं आणि त्याआधीच्या वाक्याचे शेवटले दोन-तीन शब्द. पूर्ण नाटक मास्तरांखेरीज कुणाकडे नसतं. बापटला मुलगा काय बोलतो ते नीटसं माहीत नाही. ते बरं.

६ जाने., मंगळ.
शाळेत शिकवून आल्यावर बसले. बोरू टोकदार केला.
वसंताचं वाक्य, बापाच्या तोंडी: "मी तुला ओढून घेतलं, बाळ. हात सोडला नाही." त्यावर मुलगा: "एवढंच मला आठवतं, आप्पा." पडदा.
मी लिहिलं: "मी तुला ओढून घेतलं नाही, बाळ. तुझा एक हात मी सोडला होता."
एकच हात लिहिला. ज्याची खात्री आहे तेवढाच. आप्पांबद्दलही मी खोटं लिहिणार नाही.
दोन्ही नकलांत सारखंच. खाडाखोड नाही. बाकी वसंताचा एक स्वल्पविरामही हलवला नाही.
आप्पा पलीकडे पेपर वाचत होते. म्हणाले, काय लिहितेस एवढं? म्हटलं, तुमचंच.

८ जाने., गुरु.
बापट स्टेशनाजवळ भेटला. त्यानं पिशवी खाली ठेवली, हात जोडले.
"वसंतरावांनी हे बरं केलं. आधीचं गुळमट होतं. ह्याला वजन आहे."
विचारलं, त्याला पत्र वगैरे टाकलंत का. तो म्हणाला, छे हो, कागदावर जे आहे ते बोलायचं, लेखकाला विचारायचं नाही. पोस्टात पाकीट फोडून बघतात का? रोज अंघोळीनंतर देवासमोर अकरा वेळा म्हणतो म्हणे. बायको म्हणते, देवाला तरी सोडा.
तो देवासमोर माझं वाक्य म्हणतोय. दिवसभर ह्या कल्पनेनं बरं वाटलं. इतकं बरं वाटावं याचंही बरं वाटलं.

१० जाने., शनि.
आप्पांची काळी टोपी ब्रशनं साफ केली. कोट उन्हात घातला. शाल इस्त्रीला दिली. शेजारच्या काकू म्हणाल्या, वडलांचं किती करतेस.
नक्कल परत मागून घ्यावी का, असं एकदा वाटलं. दया नव्हे. भीती ही की ऐन वेळी त्यांना डुलकी लागेल. दुपारची मोजलेली उद्या द्यायची नाही. शुद्धीत हवेत. डोळे उघडे हवेत. बत्त्या रंगमंचाजवळ असतात, पहिल्या रांगेचे चेहरे नीट दिसतात. मी बायकांच्या बाजूला कडेची जागा धरणार.
मला तो चेहरा बघायचाय. त्यापुढचा विचार केलेला नाही.

११ जाने., रवि.
क्रमानं लिहिते.
दुपारी आप्पांनी मागितली. म्हटलं, आज नाटक आहे. वाद घातला नाही. कोटाची बटणं त्यांना लागेनात, ती मी लावली.
वसंता चारच्या गाडीनं आला, थेट मैदानावर. मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले, बघायलाच. तो बापटला म्हणत होता, शेवटचा प्रवेश एकदा म्हणून घेऊ. बापट अर्धा रंगलेला, मिशी डकवायची राहिलेली. म्हणाला, तोंडाला रंग लागल्यावर पुढच्या अंकाचं वाक्य तो तोंडातून काढत नाही, गुरूची शिकवण. "पाठ आहे, वसंतराव. देवाला विचारा." सगळे हसले. वसंता हसला. मी बाहेर आले.
पहिला अंक, दुसरा. किंतानाची विहीर. जोश्यांचा पोरगा छान लोंबला. बायका हुंदके देतात तिथेच हुंदके. आप्पा ताठ. शेजारी अध्यक्ष त्यांच्या कानात काहीतरी सांगत होते, बहुधा स्तुती.
तिसरा अंक. बापट गुडघ्यावर बसला. आवाज खाली आणला, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाला, "मी तुला ओढून घेतलं नाही, बाळ. तुझा एक हात मी सोडला होता."
वसंताचं तोंड उघडं राहिलं. विंगेतून देवधर मास्तर सांगू लागले, एवढंच मला, एवढंच मला. तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल.
मी आप्पांकडे बघत होते. चेहरा हलला नाही. ते खुर्चीतून बोलले. ओरडून नाही. कचेरीतला आवाज.
"एक नाही. दोन्ही."
मागून कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला चढलीय. हशा. अध्यक्षांनी त्यांच्या हातावर थोपटलं. त्यांनी हात काढून घेतला.
वसंतानं बायकांच्या बाजूला बघितलं. मला शोधलं. सापडले. मग त्याचं वाक्य म्हणाला, कारण दुसरं त्याच्याकडे नव्हतं: "एवढंच मला आठवतं, आप्पा." पडदा. ठाण्यापेक्षा जास्त टाळ्या. बापटला वाटलं त्यालाच.
आत गेले. वसंता खोबरेल लावून रंग पुसत होता. आरशातूनच विचारलं.
"ते वाक्य कुणाचं?"
"माझं."
"आणि नंतरचं?"
"ते त्यांचं."
"ताई, खरंय ते?"
"त्यांना विचार. पहिल्या रांगेत बसलेत."
गेला नाही. फडका घेऊन तोच गाल पुसत राहिला.
टांग्यात आप्पा आणि मी. खांब मोजायची सवय आहे त्यांना, आज मोजले नाहीत.
हवा तो चेहरा मिळाला नाही. वाकावा, पडावा, लोकांत झाकायला हात वर यावेत, असं काही मनात होतं. त्यांनी वर्गात पोराचं चुकलेलं सांगावं तसं माझं वाक्य दुरुस्त केलं. चोवीस वर्षं डाव्या हाताची सूट मी त्यांना देत आले. त्यांना ती नको होती. मग ही इतकी वर्षं आईचं खोटं कान देऊन का ऐकलं. देवमाणूस म्हणवून का घेतलं.
माफ केलेलं नाही. हे लिहून ठेवते. खरं बोलल्याचं वेगळं मोजायला मी...

१२ जाने., सोम.
सकाळी आप्पांनी पाणी तापवायला सांगितलं नाही. थंड पाण्यानं अंघोळ केली. ओट्यावर येऊन बसले. साडेसातला वसंता आला, अंगणात उभा राहिला. आप्पांनी त्याला बसायला सांगितलं. मी डबा भरला, दोघांच्या मधून पायऱ्या उतरले आणि शाळेला गेले.