बारा म्हणजे बारा

११ ऑगस्ट, सोमवार
बोडिलने केबिनमध्ये बोलावलं. सहा सप्टेंबरला कंपनीला चाळीस वर्षं होतात. भाड्याची यॉट, दिवसभराची सहल, सगळे अडतीस जण, जेवण, भाषणं, गाणं. सगळी जबाबदारी माझी. मी शांतपणे मान डोलावली. मालकीणबाईंना दुसरं कोणी सुचणार तरी कसं.

निघताना म्हणाली, त्या दिवशी उपसंचालकाचं नाव जाहीर करायचं आहे. हे म्हणताना माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती. म्हणजे मीच.

बावीस वर्षं या बिजागऱ्यांच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळतोय. संकल्प: नाव जाहीर होईपर्यंत चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

बाहेर आलो तर विक्री विभागाची सिग्ने टॉफ्ट दाराशी उभी. आत गेली आणि दार लावून घेतलं. आमच्याकडे बोडिलचं दार कोणी लावत नाही. पस्तीस मिनिटं. मी समोरच्या कुंडीला पाणी घालत होतो म्हणून कळलं. कुंडी भरून वाहायला लागली तरी ही आतच.

१२ ऑगस्ट, मंगळवार
इंगेरला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आधी बोटीत किती माणसं मावतात ते विचार. माझी बायको शाळेतल्या मुलांचे दात तपासते. आयोजन हा तिचा विषय नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार
बंदरावर जाऊन यॉट ठरवली. नाव 'टर्नेन'. पांढरी, दोन डोलकाठ्यांची, डेक असा घासलेला की बूट काढावेसे वाटले. कप्तान आस्गर, साठीचा, दाढीवाला, मोजकं बोलणारा. किती जण, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, सगळे, एकही मागे राहणार नाही. करारपत्र चार पानी, अक्षर बारीक. चष्मा ऑफिसात राहिला होता. सही केली.

निघताना आस्गर तर्जनी वर करून म्हणाला, "बारा म्हणजे बारा. वर एकही नाही."

दर्यावरची माणसं वेळेची पक्की. मी त्याचा हात दाबून म्हणालो, आम्ही पाच मिनिटं आधीच येऊ. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. शिस्तीची माणसं एकमेकांना ओळखतात.

१९ ऑगस्ट, मंगळवार
फळ्यावर नोटीस लावली. 'शनिवारी ठीक बारा वाजता. वर एक मिनिटही नाही.' खाली दोन रेघा.

सिग्नेने नोटीस दोनदा वाचली. मग विचारलं, ही टर्नेन म्हणजे ती बंदरातली पांढरी का, ती जरा लहान नाही का? मी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाली, तिचा भाऊ त्या बोटीवर काम करायचा.

भाऊ. बोटीवर आधीपासून माणूस पेरलेला आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
ऑफिसातली शुक्रवारची न्याहारी. यावेळी बन आणायची पाळी गोदामातल्या होल्गरची. तो आणि सिग्ने चीजच्या ताटाजवळ कुजबुजत होते. मी जवळ गेलो तसे दोघं चीजबद्दल बोलायला लागले. त्या चीजबद्दल दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलण्यासारखं काही नव्हतं.

नंतर सिग्ने टेबलापाशी आली. दहा मिनिटं आहेत का, बोटीबद्दल बोलायचं आहे. मी म्हणालो, वेळ नाही. दहा मिनिटांत माझी अख्खी योजना ऐकायची आणि अकराव्या मिनिटाला बोडिलच्या केबिनमध्ये जायचं, हे मला समजत नाही असं तिला वाटतं. नव्या कॉफी मशीनची कल्पना माझी होती. नाव हिशेब विभागातल्या पॉलचं झालं. तेव्हापासून मी सावध आहे.

गाणं लिहायला घेतलं. ओळखीच्या चालीवर कंपनीचा इतिहास, सगळ्यांनी कागद हातात धरून म्हणायचा. चार कडवी झाली. अजून बोडिलच्या वडिलांचं पहिलं यंत्रही आलेलं नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार
महत्त्वाचं. जेवणाच्या खोलीत सिग्नेचा फोन वाजला. पडद्यावर नाव: आस्गर, टर्नेन.

ती फोन घेऊन अंगणात गेली. मी वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये. तिथली खिडकी अंगणावर उघडते. वारा उलटा होता, तुकडेच ऐकू आले. "प्रेबेनला तुम्ही काही सांगू नका, मी सांगते." मग थोडा वेळ काही नाही. मग: "त्याचा सगळ्यांसमोर अपमान..." पुढचं ट्रकच्या आवाजात गेलं.

पुढचं ऐकायची गरजही नाही. माझा अपमान करायचा आहे, सगळ्यांसमोर, तोही माझ्याच सहलीत.

बाहेर आलो तर बाथरूमसमोर तिघं रांगेत उभे होते. एकाने तब्येत विचारली. मुद्दाम.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
सिग्नेचा मेल. विषय: 'तातडीचं, बोटीबद्दल'. न उघडता काढून टाकला. उघडला तर तिला कळतं, हा मेल वाचतो. मग दोन फोन. नंबर ब्लॉक केला. सहलीचा फोनवरचा ग्रुप तिनेच काढलेला, त्यातूनही बाहेर पडलो. आता तिला माझ्यापर्यंत पोचायला रस्ता नाही.

इंगेर म्हणाली, अरे, एकदा उचलून तर बघ. इंगेर माणसांबद्दल फार भाबडी आहे. मुलांचे दात बघून तसं होत असावं.

बोडिल आजपासून आठवडाभर हॅम्बुर्गच्या प्रदर्शनात. तिला फोन करून सगळं सांगावं असं वाटलं. पण माझ्याकडे अजून पुरावा पुरेसा नाही.

गाणं: दहा कडवी.

३ सप्टेंबर, बुधवार, संध्याकाळ
हद्द झाली. सिग्ने आणि होल्गर घरी आले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडी दिसली. इंगेरला म्हणालो, मी घरी नाही असं सांग, आणि मागच्या दाराने सायकलींच्या शेडमध्ये गेलो. पंचवीस मिनिटं. इंगेरने त्यांना कॉफी दिली. केकसुद्धा. शेडमध्ये वास येत होता.

ते गेल्यावर इंगेर माझ्यासमोर बसली. म्हणाली, "प्रेबेन, त्या बोटीवर..."

मी हात वर केला. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, त्यांचा निरोप ऐकून घेणार नाही असं स्पष्ट सांगितलं. इंगेरने दोनदा आणखी प्रयत्न केला, मी रेडिओ मोठा केला. शेवटी "बरं, मग बंदरावर गेल्यावर बघ" म्हणाली आणि कुंपणाची झुडपं कापायला गेली. गरजेपेक्षा बरीच जास्त कापली.

५ सप्टेंबर, शुक्रवार
बोडिलसाठी रिपोर्ट पूर्ण. सहा पानं, वर 'गोपनीय'. शीर्षक: 'सहलीविरुद्ध चाललेल्या हालचाली'. कोण कोणाशी कुठे कुजबुजलं, किती वाजता, किती वेळ. कप्तानाशी गुप्त फोन. कप्तानाचा नंबरही दिला, म्हणजे तिला स्वतः खात्री करता येईल. शेवटी शिफारस: सिग्ने टॉफ्टला जबाबदारीचं कुठलंही पद देऊ नये. शुद्धलेखन तीनदा तपासलं. चार वाजता पाठवला. बोडिल पाचच्या गाडीने परत येते आहे.

गाण्याची चौदा कडवी झाली. अडतीस प्रती काढून कपाटात ठेवल्या. मन हलकं आहे.

६ सप्टेंबर, शनिवार
सकाळी ९. ऑफिसात जाऊन कपाट उघडलं. गाण्याच्या प्रती गायब. मला आश्चर्य वाटलं नाही.

११.४०. धक्क्यावर. नवं निळं जॅकेट. आस्गर डेकवर कॉफी पितोय. मला बघून त्याने मान हलवली, दुसरा कप भरला. वारा मंद, ऊन आहे. भाषणाचा कागद आतल्या खिशात.

११.५५. कोणी नाही. आमच्या ऑफिसातली माणसं दंतवैद्याकडेसुद्धा दहा मिनिटं आधी जाऊन बसतात. ठरवून चाललंय हे.

१२.००. कोणी नाही.

१२.०४. आस्गरने विचारलं, तुला कोणी काही सांगितलं नाही का? मी म्हणालो, मला सगळं माहीत आहे. तो म्हणाला, मग तू इथे काय करतोयस?

१२.१०. आस्गरचं म्हणणं लिहून ठेवतो. टर्नेनवर बारा प्रवासी न्यायची परवानगी आहे. कायदा आहे, त्यावर एकही माणूस नाही. करारात पहिल्याच पानावर लिहिलंय. मी अडतीस जण आणतोय हे त्याला सिग्नेकडून कळलं. त्या मुलीने आठवडाभर फोन करून जुनी प्रवासी बोट 'अमालिए' मिळवली. सगळे पलीकडच्या धक्क्यावरून साडेअकराला निघणार होते. माझ्यासाठी वीस मिनिटं थांबले, मग पुलाखालचा प्रवाह उलटायच्या आत जायला हवं होतं म्हणून निघाले. मी इकडे आलोच तर मला एकटं सोडू नको, असं सिग्नेने त्याला बजावलं होतं.

मी म्हणालो, तू 'बारा' म्हणालास, 'बारा माणसं' म्हणाला नाहीस. त्याने विचार केला. मग म्हणाला, "खरं आहे. मला वाटलं, बोटीवर दुसरं काय मोजणार."

म्हणजे चूक त्याची होती, हे त्याने मान्य केलं.

संध्याकाळी ५, घरी. आस्गर म्हणाला होता, चल, गाठू त्यांना. टर्नेनवर आम्ही दोघंच. डोलकाठीला धरून उभा राहिलो, कारण बसल्यावर बोट जास्तच डोलत होती. टॉसिंगे बेटाच्या किनाऱ्याजवळ अमालिए दिसली. जुनी, काळी, धुराड्याची. चांगली मोठी. कठड्याला सगळे रांगेत. कागदी झेंडे हलवत होते. मीही हात हलवला.

त्यांच्या बोटीवर जाता येईल का, विचारलं. आस्गर म्हणाला, भर पाण्यात एका बोटीतून दुसरीत पाय टाकायचा तर तू विशीत पाहिजेस. आम्ही थोडं अंतर ठेवून बाजूने चालत राहिलो. कोणीतरी ओरडून मला काहीतरी सांगत होतं, हातांचा कर्णा करून. सिग्ने होती. वाऱ्याने काही कळलं नाही.

मग ते गायला लागले. माझं गाणं. प्रत्येकाच्या हातात कागद. तिसऱ्या कडव्यात लोक हसले, जिथे हसायला हवं तिथेच. मी बोटांवर मोजत होतो. पाचला थांबतील असं वाटलं, मग आठला. चौदाच्या चौदा म्हटली. होल्गरचा आवाज शेवटी बसला होता. ही मुलगी कुठे थांबायचं हे कधी शिकणार कोण जाणे.

बोडिल टोकाला उभी होती. तिच्या हातातही कागद होता. तिने हात हलवला नाही.

आस्गरने डब्यातला मुरवलेला हेरिंग मासा आणि काळा पाव पुढे केला. भाषणाचा कागद काढून त्याला वाचून दाखवला. ऐकताना त्याने टोपी काढली. उकडत असावं.

८ सप्टेंबर, सोमवार
बोडिलने बोलावलं. मी आत गेल्यावर उठून दार लावलं.

म्हणाली, रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी वाचला. त्यातल्या नंबरवर आस्गरला फोन केला. बोटीचा घोळ तिला तेव्हाच पहिल्यांदा कळला. तोवर सिग्नेने तिला एका शब्दाने सांगितलेलं नव्हतं. विचारलं, तेव्हा सिग्ने म्हणाली, बुकिंगमध्ये छोटीशी गडबड होती, मिटली.

मग बोडिल खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"सिग्ने नोव्हेंबरमध्ये आल्बोर्गला जाते आहे. नवऱ्याची बदली झाली. त्या दिवशी दार लावून ती हेच सांगत होती. मी तिला विचारलं, उपसंचालक कोणाला करू. ती म्हणाली, प्रेबेनला करा. त्याला घाई नसते आणि या जागेबद्दल त्याला माया आहे. पस्तीस मिनिटं मला पटवत होती."

मला ती भरून वाहणारी कुंडी आठवली.

"शनिवारी तुझं नाव घेणार होते. शुक्रवारी तुझी सहा पानं आली."

मी म्हणालो, शुद्धलेखन तपासलं होतं. का म्हणालो, माहीत नाही.

ती म्हणाली, आता बाहेरून कोणीतरी घेणार. रिपोर्ट तिने फाडून टाकला आहे. सिग्नेला दाखवलेला नाही, दाखवणारही नाही. "तिला सांगायचं की नाही, ते तुझं तू बघ."

घरी आलो. इंगेर बटाटे सोलत होती. मी दुसरी सुरी घेऊन शेजारी बसलो.

९ सप्टेंबर, मंगळवार
संकल्प: सिग्नेशी बोलायचं. नऊच्या आधी, ऑफिस भरण्यापूर्वी. तीन वाक्यं ठरवली, सायकलवर येताना पाठ केली.

पावणेनऊला तिच्या टेबलाशी गेलो. ती फोनवर होती. हाताने खूण केली, थांब जरा. मी थांबलो. तिच्या टेबलावर एक रिकामं खोकं होतं, सामान भरायला आणलेलं, नोव्हेंबरला अजून इतका वेळ असताना. फोन ठेवून तिने वर बघितलं आणि हसली. म्हणाली, शनिवारी तू बोटीवर अगदी ऐटीत उभा होतास, आम्ही सगळे म्हणत होतो.

मी पहिलं वाक्य आठवलं. तोंड उघडलं.

म्हणालो, प्रिंटरमधला कागद संपलाय.

ती म्हणाली, "बस तू, मी आणते." आणि उठून कोठीकडे गेली.

प्रिंटरमध्ये कागद होता.