न रडणारं पिल्लू

१२ फेब्रु. १९५७, मंगळ.
भुरी व्याली. आमच्याच कॉटखाली, माझ्या जुन्या लुगड्यावर! आख्ख्या काळाचौकीत ह्या मांजरीला दुसरी जागा मिळाली नाही. चार पिल्लं. सासूबाई बाळंतिणीसारखी उस्तवार करताहेत, कोमट पेज, बांगड्याचं डोकं. हे म्हणाले, आता पाचवी पण पूजा. सासूबाई चिडल्या.

१४, गुरु.
तिघं नुसता कालवा करतात, एकमेकांना तुडवून दूध पितात. चौथं, पांढरं, बाजूला गप्प. सासूबाई कौतुकानं, "ह्या गुणी आसा गो. रडना नाय, काय नाय." गणपतीनंतर आमचा बाळ झाला तेव्हा सगळे हेच म्हणत होते. किती गुणी, आईला त्रास नाही. मलाही बरं वाटायचं. बारशापर्यंत राहिला नाही.

१५, शुक्र.
पांढऱ्याला उचललं. पोट गार. तोंडात करंगळी घातली, तोंडही गार, चोखेना. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी. भुरीजवळ ठेवलं की मेली उठून जाते, पायानं सारते. ह्यांना सांगितलं. समितीच्या सभेला निघाले होते. "अगं, मांजराचं काय एवढं?"
काय एवढं!

१६, शनि.
सासूबाईंनी त्याला बोंडल्यानं गाईचं दूध पाजलं, तान्ह्या पोराला पाजतात तसं, मांडीवर उताणं धरून. दूध नाकातून आलं. मी ओरडले त्यांच्यावर, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. हिसकावून घेतलं, पालथं धरलं, नाक पुसलं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवली. सासूबाई मोरीपाशी जाऊन बसल्या. जेवल्या नाहीत. वाईट वाटलं, पण समजूत घालायला गेले नाही.

१७, रवि.
अजून आहे. श्वासाला घुरघुर. सासूबाईंनी सकाळपासून पदराखाली पोटाशी धरलंय. भाकऱ्या मी एकटीनंच थापल्या. हे बाहेर गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आपल्या बाळाचा पोटय असाच गार होता गो?"
होतं, म्हटलं.
त्यांनी पदर बाजूला केला. मग पिल्लू माझ्या हातात दिलं. "बघ गो तू. माझ्या बोटांक काय कळना नाय."
बघितलं. गार की कोमट, मलाही नीट कळेना. परत त्यांच्याच पोटाशी ठेवलं, वरून पदर सारखा केला.