मूळ संख्या आणि रविवारचा सत्कार

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या गुडघ्यांना आणि काकांच्या रागाला माझा दंडवत. दोन्हींना उतार पडला असेल अशी आशा करते. (काकांच्या रागाला पडला नसेल तर हे पत्र पिठाच्या डब्यामागं ठेव.)

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. अकराही दिवस मी उत्तर लिहायला बसले आणि उठले. एकदा पेन संपलं. नवं आणायला गेले तर त्या दुकानात काउंटरवर एक कासव चालत होतं, ते पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत थांबले आणि पेन न घेताच परत आले. पण हे सगळे बहाणे. खरं सांगायचं तर मी हे पत्र टाळत होते. तू लिहिलं आहेस की येत्या रविवारी माझ्या जुन्या शाळेत माझा सत्कार ठरलाय, गणिताच्या बाई स्वतः भाषण करणार आहेत, आणि फलकावर माझं नाव रंगवूनही झालंय. ज्या शाळेनं मला नववीत दोनदा बसवलं, दोन्ही वेळा गणितापायी, तिथं आता मी मूळ संख्येची शोधकर्ती. आत्या, त्या शोधातलं थोडंसं सांगायचं राहिलंय. थोडंसंच आहे, पण नेमकं मधलं आहे.

तर ऐक. ही माझी नववी नोकरी. चष्म्याचं दुकान आहे. फ्रेमचे स्क्रू पिळायचे, काचा पुसायच्या, नाकावरची पकड सैल करायची. मालकांना सगळे चष्मेवाले म्हणतात. काउंटरवर त्यांचा एक म्हातारा संगणक आहे, दिवसातून चार वेळा गिऱ्हाइकाचा नंबर लिहायला लागतो आणि बाकी वेळ नुसता घुमत बसतो, माझ्यासारखाच. इथं मला त्या मूळ संख्या हुडकायच्या प्रकल्पाचा शोध लागला. (म्हणजे नळ दुरुस्त करायला आलेल्यानं सांगितलं. त्याच्या घरी तीन यंत्रं या कामाला लावलेली आहेत आणि बायको बोलत नाही.) मूळ संख्या म्हणजे जिला एकानं आणि स्वतःनंच भाग जातो, बाकी कुणाला ती दाद देत नाही. अगदी तुझ्या सासूबाई. लहान लहान तर कुणालाही सापडतात. या मंडळींना कोटी कोटी आकड्यांची हवी असते. एवढी मोठी तपासायला एक संगणक पुरत नाही, म्हणून जगभरातले हजारो रिकामटेकडे आपापलं यंत्र फुकट देतात. प्रत्येकाला एकेक संख्या मिळते, यंत्र आठवडेच्या आठवडे ती दळतं आणि शेवटी सांगतं, मूळ आहे की नाही. बहुतेक वेळा नाहीच. वर्षानुवर्षं नाहीच. आणि मग एखाद्या दिवशी कुणा अनोळखी माणसाच्या यंत्रावर 'आहे' येतं. आत्या, हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. शाळा नाही, पदवी नाही, यंत्र चालू ठेवायचं आणि पळून जायचं नाही, एवढीच अट. (दुसरीच अवघड, हे तुला सांगायला नको.)

मग मी आजवर सापडलेल्यांचा माग काढायला लागले. कुणाला सापडली, कुठल्या साली, किती आकडी. त्यांचा एक मोठा तक्ता छापून दुकानात मागच्या भिंतीवर लावला. तिथं खूण म्हणून प्रत्येकीचा आठ-नऊ आकड्यांचा घातांक, म्हणजे दोनाला दोनानं किती वेळा गुणायचं तो आकडा, लिहितात, अख्खी संख्या लिहायची तर भिंत सोड, गल्ली पुरायची नाही. ठळक अक्षर वरून खाली बारीक होत जाणारं. चष्मेवाले आधी भडकले, मग खूश झाले, कारण नेहमीच्या गिऱ्हाइकांना डोळे तपासायचा जुना तक्ता तोंडपाठ झाला होता आणि आंधळ्यालाही शेवटची ओळ येत होती. माझे आकडे कुणाच्या बापाला पाठ नव्हते. तेव्हापासून डोळे त्यावरच तपासतात.

यंत्र माझं एकवीस दिवस दळत होतं, फक्त दुकान उघडं असताना. काय काय सोसलं विचारू नकोस. चष्मेवाल्यांच्या मातोश्रींना शोध लागला की संगणकाच्या मागून गरम वारा येतो. त्यांनी तिथं मोजे वाळत घातले. यंत्र तापलं, आकडेमोड चुकली, आणि ते आपणहून दोन दिवस मागं जाऊन पुन्हा दळायला लागलं. मी मातोश्रींना गणित समजावलं. त्या म्हणाल्या, तुझ्या आकड्याचे पाय गार पडत नाहीत ना, मग गप्प बस. शेवटी मी त्यांचे मोजे रोज स्वतः गच्चीवर वाळत घालायला लागले. नववीत एवढा जीव लावला असता तर आज मी कलेक्टर असते.

आणि बाविसाव्या दिवशी सकाळी पडद्यावर आलं: ही संख्या मूळ आहे.

आता नियम असा, की दुसऱ्या कुणीतरी ती पुन्हा तपासेपर्यंत ओठ शिवून बसायचं. मी चार मिनिटं बसले. मग तुला फोन करून घातांक उतरवून घ्यायला लावला. (तू शाळेत गेलीस तो दोष मी तुला देत नाही. मीच म्हणाले होते, त्या गणिताच्या बाईंना जाऊन सांग.) दाराजवळच्या फळ्यावर, जिथं एरवी 'आज डोळे मोफत तपासून मिळतील' असतं, तिथं माझा घातांक खडूनं लिहिला. चष्मेवाल्यांनी माझी खुर्ची बदलून पाठ असलेली दिली.

चौथ्या दिवशी टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा आले. त्यांना बसवलं, चष्मेवाले म्हणाले, तिसरी ओळ वाचा. आजोबांनी डोळे बारीक करून वाचली, तीन, सात, एक, पाच, तीन सहे, सात. मग मान वळवून दाराकडं बघितलं.

"तोच आकडा तिकडंही लिहिलाय. तोही वाचू का?"

आत्या, आजोबांना चष्मा नव्हता. मला दोन डोळे धडधाकट, आणि तो तक्ता मी माझ्या हातानं लावलेला.

झालं होतं असं. नवा तराजू आणला की दुकानदार आधी माहितीतलं वजन टाकून बघतो ना, तसं मी पहिल्या दिवशी यंत्र पारखायला यादीतलीच एक ओळखीची संख्या टाकली होती. तीन सहे ओळीनं, टाकायला सोपे. तेवढ्यात कुणीतरी चष्म्याची तुटकी काडी घेऊन आलं, मी उठले, आणि आपणच टाकली हे साफ विसरले. म्हणजे एकवीस दिवस राबून यंत्रानं छातीठोकपणे जे सांगितलं ते अगदी खरं होतं. फक्त दुसऱ्या कुणीतरी मी शाळेत होते तेव्हाच ते शोधून ठेवलं होतं.

पण तू रडू नकोस, मीही एकच दुपार रडले. यंत्र शंभर नंबरी आहे हे तर सिद्ध झालं. त्याच संध्याकाळी मी प्रकल्पाकडून कोरी करकरीत संख्या मागून घेतली, अजून जगात कुणी न तपासलेली. आज ती एकसष्ट टक्क्यांवर आहे. एकसष्ट, आत्या. मी आजवर कशाचेच एकसष्ट टक्के केले नव्हते.

काकांना नमस्कार, पिठाच्या डब्याला क्षमा.

तुझी,
भटकभवानी

ता. क. सत्कार थांबव. शाळेत तूच जा, बाईंना तूच सांग, माझ्यानं होणार नाही. मला कांजिण्या झाल्यात म्हण.

ता. क. २. थांबत नसेल तर तीन आठवडे पुढं ढकल. तोवर ही पूर्ण होईल. फलक पुसू नका.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होते तर दारात गणिताच्या बाई. पत्ता तूच दिला असणार. तू आकडा दाखवलास त्या पहिल्याच दिवशी त्यांना कळलं होतं म्हणे, ही जुनीच संख्या, कारण त्यांचं स्वतःचं यंत्र चार वर्षं याच प्रकल्पात आहे आणि एकही सापडलेली नाही. मी विचारलं, मग सत्कार का ठरवलात. म्हणाल्या, "तू कबूल करतेस की पळतेस ते बघायचं होतं. रविवारी भाषण माझं नाही, तुझं. नववीच्या वर्गापुढं उभं राहून चूक कशी झाली ते सांगायचं."

एरवी मी आत्तापर्यंत मागच्या दारानं पुढच्या गावाला पोचले असते. पण यंत्र बासष्टवर गेलंय, आणि बाई त्याच्यासमोर स्टूल ओढून बसल्यात.