एकोणीस याद्या आणि एक कोट

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार (बसून बसून कंबर धरली आहे, तेव्हा केला नुसता मानेनं, पण तू तो साष्टांग समजून घे). तुझे डोळे कसे आहेत? थेंब वेळेवर घालतेस ना, की बाटली उशाशी ठेवून बरं वाटायची वाट बघतेस? आम्ही सगळे मजेत. पत्र शांतपणे वाच आणि संपल्यावर लगेच फोन करू नकोस. तुझ्यासमोर जे बोलायला जीभ रेटत नाही, तेच लिहायला बसले आहे.

सुईनं माझी नजर खाल्ली, तुझी खाऊ देणार नाही, असं म्हणून तू मला त्या कॉम्प्युटरच्या क्लासला घातलंस. बारा आठवड्यांत हमखास प्रोग्रामर, ही जाहिरात तूच भिंग लावून वाचली होतीस. मीही वीस वर्षांच्या शिलाईच्या दुकानाला कुलूप लावलं आणि पुन्हा सुई धरणार नाही, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं (पाटीसुद्धा उतरवली, शेवटी भाची तुझीच). त्यामुळे हे जमलं नसतं तर तोंड लपवायला दुकानही उरलं नव्हतं.

क्लास म्हणजे जिन्याखालची लांबट खोली, एकोणीस खुर्च्या आणि अठरा कॉम्प्युटर. सर पन्नाशीचे, फार सालस, पूर्वी पंखे विकायचे. रोज सकाळी ते भिंतीवर व्हिडिओ लावायचे आणि कुंड्यांना पाणी घालायला बाहेर जायचे. व्हिडिओतला माणूस मधेच, समजलं का, असं विचारून थांबायचा. पहिले दोन दिवस आम्ही प्रामाणिकपणे नाही म्हणालो. तो छान म्हणून पुढे जायचा. शंका घेऊन सरांकडे गेलं, की ते ओल्या हातांनी आत येऊन तोच तुकडा आपुलकीनं पुन्हा लावायचे. पहिल्या कामात मला एक फॉर्म बनवायचा होता. मी वयाच्या रकान्यात तीनशेपर्यंतची सोय ठेवली आणि नावाला चार ओळी जास्त दिल्या. अंगाबरोबर बेतायचं नाही, शिवणीत दोन बोटं जास्तीची माया सोडायची, हे तूच शिकवलंस ना? फॉर्म पानाबाहेर लोंबायला लागला आणि आत दुमडून टीप मारायची सोय कॉम्प्युटरमध्ये नाही. डोळ्यांचं म्हणशील, तर सुईला वीस वर्षांत जे जमलं नाही ते स्क्रीननं बारा आठवड्यांत केलं. मला चष्मा लागला.

शेवटी प्रत्येकानं रोजच्या कामांची यादी ठेवणारं ॲप बनवायचं होतं. व्हिडिओतल्या यादीत नमुन्यादाखल 'दूध आणणे' असं लिहिलं होतं, ते आम्ही एकोणीस जणांनी इमानेइतबारे उतरवून काढलं. मग एका कंपनीचे साहेब मुलाखती घ्यायला आले आणि सकाळपासून एकेक जण आत जाऊन त्यांना दूध आणायचं असल्याचं दाखवायला लागला. माझा नंबर शेवटचा. मी गेले तेव्हा साहेबांसमोर कोरा चहा होता. त्यांनी माझी यादी बघितली, डोळे मिटले आणि विचारलं, याशिवाय काही येतं का? आत्या, माझं सगळं लक्ष त्यांच्या कोटावर. डावा खांदा बोटभर उतरलेला, मधल्या बटणाचं काज उसवलेलं. म्हटलं, हे येतं. बिचाऱ्यांनी मुकाट्यानं कोट काढून दिला. मी खांद्याला आतून टाके घातले, काज नवं केलं (सुईदोरा पर्समध्ये होता. धरणार नाही म्हणाले होते, जवळ ठेवणार नाही असं कुठे म्हणाले होते?). दाराच्या फटीतून बघणाऱ्या अठरा जणांना वाटलं, परीक्षेत हेही विचारतात. आरसा नव्हता म्हणून साहेबांनी बंद स्क्रीनमध्ये स्वतःला न्याहाळलं. त्या स्क्रीनचा इतका चांगला उपयोग बारा आठवड्यांत कुणी केला नव्हता.

नोकरी मिळाली नाही. पण घरी येताना मला इतका आनंद झाला होता, की बसची वाट न बघता मी चालतच सुटले. कितीतरी दिवसांनी माझ्या बोटांना सगळं समजत होतं. तुझं ऐकलं नाही असं म्हणू नकोस, पुरते बारा आठवडे ऐकलं. सोमवारी दुकान उघडते आहे. रागवायचं असेल तर रागाव, पण तुला फसवल्यासारखं वाटू नये, एवढीच माझी इच्छा.

तुझी,
भाची

ता. क. साहेबांनी कंपनीसाठी चाळीस कोट सांगितले आहेत, आणि काजं त्यांच्या कोटाला केलं तशी हाताचीच हवीत म्हणतात. ते काज तुझ्यासारखं झालेलं नाही, हे त्यांना कळलं नाही, मला कळलं. तू ये. शिवायचं काहीच नाही. शेजारी बसून बोटांनी चाचपायचं आणि कुठलं उसवून पुन्हा करू ते सांगायचं. तुझ्याशिवाय मला एवढं काम पेलायचं नाही.

ता. क. दुसरा. तुला धड दिसत नाही, मला चष्मा, मग सुया ओवणार कोण, असं विचारशील. क्लास बंद पडला, म्हणून आमचे सर येणार आहेत. त्यांची नजर अजून लख्ख आहे. इतके व्हिडिओ लावले, पण स्वतः त्यांनी एकही पाहिलेला नाही.