रेवाच्या पेटीतले दोनशे बारा जिन्नस

३ ऑक्टोबर, शुक्रवार
आज सकाळी अस्मादिकांचा सातवा देहान्त. निमित्त: कोल्हा. खेळाच्या वेष्टनावर जो अग्निमुखी सर्प विराजमान आहे त्याने नव्हे, एखाद्या राक्षसानेही नव्हे. मांजराहून किंचित थोर अशा कोल्ह्याने. खड्ग हाती होते, परंतु ते चालविण्याचे बटण ऐन वेळी विस्मरणात गेले आणि मी रणांगणाच्या मध्यभागी उकिडवा बसलो. तशाच आसनात सद्गती.

नाईक जेवायला आले होते. इथून जवळच अहमदीला एसी दुरुस्तीची नोकरी, कुटुंब सावंतवाडीला, म्हणून शुक्रवारचा आमटीभात माझ्याकडे. पडद्याकडे पाहून म्हणाले, "काय ओ भाऊ, कोल्ह्यान मारल्यान तुमका?" आणि लोणचे मागितले.

५ ऑक्टोबर, रविवार
पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने हा उपद्व्याप का आरंभिला, याची नोंद स्वतःपुरती.

जुलैमध्ये रेवा पुण्याला गेली. आर्किटेक्चर, प्रथम वर्ष. तिचे बस्तान बसवायला सौ. बरोबर गेली, ती अजून तिथेच. कन्येचा जन्म इथला, आखातातला, अठरा वर्षे इथलीच. गेल्यापासून माझ्या समस्त प्रश्नांना तिची उत्तरे दोन. कॉलेज? फाइन. जेवण? ओके. पाऊस? फाइन.

गेल्या महिन्यात सहज विचारले, तुझा तो खेळ इथेच पडून आहे, त्याचे काय करू? त्यावर कन्या चौदा मिनिटे बोलली. घड्याळ समोर होते म्हणून ठाऊक. शेवटी म्हणाली, "तुम्ही सुरू करा, बाबा. डिसेंबरला आले की बाकीचं दाखवते."

डिसेंबरला तिने येणे तसेही आवश्यक. सहा महिने देशाबाहेर राहिले की इकामा, म्हणजे इथला रहिवासाचा परवाना, रद्द. मग स्वतःच्या जन्मगावी पाहुणी म्हणून व्हिसा मागायचा. परंतु इकाम्यासाठी आली तर ती दोन दिवस राहील आणि फाइन म्हणून जाईल. "दाखवते" म्हणाली म्हणून यावी, एवढीच अपेक्षा. तोवर निदान कोल्हा आटोपला पाहिजे.

८ ऑक्टोबर, बुधवार
कार्यालयातून परतल्यावर फोन. कन्येने उपदेश केला, अस्मादिकांनी टिपून घेतला.

"बाबा, रन. लेव्हल वनला कोणी फाइट करत नाही. पळा."
"पलायन? क्षत्रियधर्म काय सांगतो?"
"क्षत्रिय सात वेळा मेला ना?"

तर सारांश. दिसेल त्याच्याशी लढू नये. नव्या प्रदेशात शिरताच आधी उंच जागी चढून चहूकडे पाहावे. मुख्य कार्याच्या मागे धावू नये, जग कुठे पळून जात नाही. सरायीत प्रत्येकाशी बोलावे. विशेषतः जो कोपऱ्यात निरुद्योगी बसला आहे त्याच्याशी, महत्त्वाचे तोच सांगतो. आणि औषधाच्या कुप्या साचवू नयेत, प्याव्यात.

हे शेवटचे मर्मी लागले. पुढे मोठा प्रसंग येईल म्हणून मी बावीस कुप्या राखून ठेवल्या होत्या आणि बावीसच्या बावीस जवळ बाळगून गतप्राण होत होतो. हे सांगताच ती हसली. "सो यू, बाबा! आईचा तो चांगला डिनर सेट, पाहुण्यांसाठी!"

हसली, ही वेगळी नोंद.

१२ ऑक्टोबर, रविवार
माझी प्रगती पाहून तिला दया आली असावी. "माझ्या सेव्हवर खेळा. पण दर वेळी नव्या स्लॉटला सेव्ह करा हं. प्रॉमिस?" प्रॉमिस म्हणालो. सेव्ह म्हणजे खेळ जिथवर आला तिथली राखून ठेवलेली नोंद, स्लॉट म्हणजे तिचा खण.

तिची नायिका एकसष्टाव्या पायरीवर. स्वतःचा अश्व. सरोवरकाठी दोन खोल्यांचे घर, घरात एक पेटी. मी तिच्या देहात प्रवेश करताच कोल्हे वाट सोडू लागले. सासऱ्याच्या गाडीतून मिरवणाऱ्या जावयाचे सुख.

सेव्हच्या यादीत मात्र एकाच वस्तूच्या नऊ प्रती! बावीस वर्षे मी या शहरात डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. बांधकामाचा नकाशा कोणताही असो, अधिकृत प्रत एक. जुन्या आवृत्त्या नष्ट. त्या नष्ट न केल्याने साइटवर जुन्या नकाशाप्रमाणे उभ्या राहिलेल्या भिंती मी पाहिल्या आहेत. आठ प्रती पुसल्या. एक ठेवली. यादी कशी स्वच्छ, सात्त्विक दिसू लागली. प्रॉमिस आठवले, परंतु पोरीला शिस्त कोण लावणार.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस.
सौ.चा सकाळी फोन. "अहो, पंख्यांची पाती पुसलीत का? कपाटांच्या वरचं? दिवाळी आली, तुम्ही बसाल खेळत."

खेळत बसलो नाही. पाती पुसली. खिडक्यांच्या फटींतली वाळू काढली. या देशात ती पुनर्जन्म घेते. दुपारी दोनपर्यंत घर लख्ख. उत्साह उरला होता. सरोवरकाठचे घरही आपलेच, त्याला दिवाळी नको काय?

पेटी उघडली. दोनशे बारा जिन्नस. वाळकी फुले. गोटे. लांडग्याचा दात. मोडकी लाकडी होडी. एका पायातला जोडा. कुणाची तरी अर्धी चिठ्ठी. प्रत्येकाखाली खेळानेच लिहिलेले: उपयोग नाही. एकेक उचलून सरोवरात विसर्जन, पाऊण तास लागला. मग सेव्ह, त्याच एका प्रतीवर. रिकाम्या पेटीचे छायाचित्र रेवाला धाडले, खाली: शुभ दीपावली, तुझ्याही घराची सफाई झाली.

१८ ऑक्टोबर, शनिवार
रेवाचा फोन. तिने आपणहून केलेला, जुलैपासून पहिला.

"सगळं टाकलंत?"
"उपयोग नाही असे लिहिले होते."
"जुना सेव्ह?"
"एकच प्रत ठेवली होती."
"इट्स ओके, बाबा."

नंतर सौ. बोलली. कोरोनातले कर्फ्यूचे वर्ष. शाळा बंद, खाली उतरायची बंदी, रेवा तेरा वर्षांची. रोज त्या खेळात एका नव्या ठिकाणी चालत जायची आणि तिथली एक वस्तू घरी आणायची. एका दिवसाला एक. "फिरायला जायची हो ती. रात्री मला सांगायची, आज इथं गेले, तिथं गेले. तुम्ही तिथंच असायचात, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप घेऊन."

होतो. किती वेळ वाया घालवशील, असे म्हटल्याचेही स्मरते. किती वेळा म्हटले ते स्मरत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.
कार्यालय होतेच. सायंकाळी दिवे लावले, व्हिडिओ कॉल. रेवा चौकटीच्या कडेने आली, नमस्कार केला, गेली. नवा कुर्ता चांगला दिसत होता. ते सांगायच्या आत गेली.

सौ. हळूच: "डिसेंबरचं बघते म्हणाली. सबमिशन आहे म्हणे."
"आणि इकामा?"
"म्हणाली, गेला तर गेला."

करंज्या शेजारणीने दिल्या. दोन खाल्ल्या. चव कशी होती ते...

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
नाईकांपुढे योजना मांडली. त्या जगात वाळक्या फुलांचा तुटवडा नाही. रोज दहा-दहा गोळा केली तर महिन्याभरात पेटी पूर्ववत. तिला फरक कळणार नाही.

नाईक ताक पीत होते. पेला ठेवला. "दगड काय, गावतले ओ भाऊ. पण फिरान इला ता चेडू. तुमी खंय गेल्लास?"

फिरून आली ती पोर, मी कुठे गेलो होतो? उत्तरादाखल बरीच वाक्ये तयार होती, बहुतेक सामासिक. नाईकांनी भांडी घासली; एरवी मी घासू देत नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार
रेवाच्या नायिकेचा देह सोडला. तिची ती प्रत जशी आहे तशी राहू दे, आता हात लावणे नाही. माझ्या मूळच्या, पहिल्या पायरीवरच्या दरिद्री वीराकडे परतलो. ना अश्व, ना घर. रोज कार्यालयातून आल्यावर एका ठिकाणी चालत जायचे, एक वस्तू आणायची, असा नेम. सेव्ह दर वेळी नव्या स्लॉटला.

आज जुन्या पवनचक्कीच्या टेकडीवर. वर चढून चहूकडे पाहिले. दूर पाऊस पडत होता आणि माझ्यावर ऊन होते. हे त्या पोरीने घरबंदीत रोज पाहिले असणार. एक पीस सापडले. रेवाला कळविले: टेकडीवर गेलो, पीस आणले, वाटेत कोल्हा भेटला, पळालो.

दोन निळ्या खुणा. वाचले, एवढेच.

२ नोव्हेंबर, रविवार
पाचवा जिन्नस: घोड्याचा नाल. कड्यावरून पडलो, दोन कुप्या प्यायलो. खुर्चीत बसून एवढे चालल्याने पाठ धरली आहे, हे डॉक्टरांना कसे सांगावे कळेना.

क्षमापत्राचे चार मसुदे केले. पहिल्यात 'अनवधानाने', दुसऱ्यात 'सद्हेतूने', तिसऱ्यात दोन्ही. चौथा वाचून स्वतःलाच वीट आला. पुरवठादाराला विलंबाचे पत्र लिहावे तसा. सर्व फाडले. शेवटी फोनवर इतकेच लिहिले: "रेवा, तू तेव्हा रोज कुठे जातेस ते मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

सायंकाळी सौ.: "वाचलं तिनं. काही बोलली नाही. तुम्ही आता थोडे गप्प राहा. राहता येईल ना?"

प्रयत्न करीत आहे. गप्प राहण्याचे बटण कोणते, ते उपदेशात नव्हते.

४ नोव्हेंबर, मंगळवार
ट्रॅव्हलवाल्याने रेवासाठी डिसेंबरच्या विसाव्या तारखेची विमानातली जागा धरून ठेवली आहे. "गुरुवारी बारापर्यंत, साहेब, नंतर सिस्टिम सोडणार." सौ.ला कळविले. सौ. म्हणाली, रेवाला विचारले, तिने खांदे उडवले.

सातवा जिन्नस: सरोवराकडचा निळा दगड. छायाचित्र धाडले. मजकूर लिहिला नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी साडेसहा. कार्यालयाला निघालो, इमारतीखाली गाडीत बसलो, तोच फोनवर संदेश. रेवा.

"तो दगड काठावरचा की पाण्यातला?"

काठावरचा, असे लिहिले.

"पाण्यातला वेगळा असतो. खाली गुहा आहे. मी कर्फ्यूत खूप दिवस ट्राय केला, एकदाच मिळाला."

तो सरोवरात टाकणारा मीच, हे आम्हा दोघांनाही ठाऊक. कसे जायचे, एवढेच विचारले.

"तुम्हाला नाही जमणार. दम संपतो मध्येच. एकट्याने जाऊ नका."

मग कोणाबरोबर, असे लिहिले आणि पाठविले. पाठविल्यावर वाटले, घाई झाली. 

तिच्या नावाखाली 'टायपिंग' उमटले. गेले. पुन्हा उमटले. पुण्यात नऊ वाजून गेले, तिचे लेक्चर सुरू झाले असेल. मागच्या गाडीवाल्याला बाहेर पडायचे आहे, हॉर्न देतो आहे. हाताने खूण केली, थांब. ट्रॅव्हलवाल्याचे बारा वाजायला अजून अवकाश आहे. पुन्हा उमटले.